सगळं छान आहे, मास

१२ मे

बु दार्सिनी हो म्हणाल्या! दोन महिने त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून मी इतकं खाल्लं, की पँटचं बटण लागेना. पण हो म्हणाल्या.

घरात माणूस गेलं, की सोलो शहरातली अर्धी घरं बु दार्सिनींकडे जेवण सांगतात. तिसरा दिवस, सातवा, चाळिसावा, शंभरावा, मग वर्ष, दुसरं वर्ष आणि शेवटी हजारावा. दर वेळी शेजारीपाजारी संध्याकाळी जमणार, दुआ म्हणणार आणि जाताना प्रत्येकाच्या हातात बांबूची टोपली, तीत भात, कोंबडी, तांदळाचे गोड आपम. म्हणजे एका घरामागे सात जेवणं, जवळजवळ तीन वर्षं. या साऱ्याचा हिशोब आजवर कुठे होता? भिंतीवरच्या एका फळ्यावर आणि बुदे कार्तींच्या डोक्यात. बु म्हणजे बाई, बुदे म्हणजे सगळ्यांची थोरली मावशी. वय अडुसष्ट, चष्म्याला एकच काडी.

आता माझी सिस्टिम येणार. नाव, गेल्याची तारीख, पत्ता, पाहुणे किती, एवढं भरलं की पुढचे सातही दिवस ती मोजणार, भाजीवाल्याला यादी धाडणार, टोपल्यांवरच्या चिठ्ठ्या छापणार. माणसाने बोट हलवायचं नाही. माझ्या कंपनीचं ब्रीदच आहे ते. कंपनी म्हणजे घराची पुढची खोली. मालक मी, शिपाई मी.

आणखी तीन गिऱ्हाइकं आहेत. पिंजरेवाले, ऑर्किडची रोपं विकणाऱ्या बाई आणि दातांच्या डॉक्टरीणबाई. पिंजरेवाल्यांना वेबसाइट उघडताच पक्षी बोलायला हवा होता, तो दिला. तो ऐकून डॉक्टरीणबाईंनाही पक्षी हवाय.

१९ मे

जकार्ताहून जुन्या ऑफिसचा फोन. वरची जागा रिकामी झालीय, येतोस का? ऑगस्टअखेर कळव.

नऊ वर्षं मी तिथे होतो. बायको वेनिंग आणि लेक आसिह इथे सोलोत, मी तिकडे भाड्याच्या खोलीत, महिन्यातून दोनदा गाडीने घरी. आसिह चालायला लागली ते मी फोनवर पाहिलं. गेल्या वर्षी सोडून आलो ते म्हणूनच. पण चार गिऱ्हाइकांवर कंपनी उभी राहत नाही, हेही खरं.

तेव्हा असं ठरवलंय : शहरातल्या भोजनवाल्यांच्या संघात तेवीस स्वयंपाकघरं आहेत. त्यातल्या निदान पंधरांनी माझी सिस्टिम घेतली, तर इथेच राहायचं. नाहीतर जकार्ता. संघाचे अध्यक्ष पाक जुमेनो म्हणाले, आधी बु दार्सिनींकडे चालू द्या, वीस ऑगस्टच्या बैठकीत बघू.

वेनिंगला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुम्हाला योग्य वाटेल ते करा," म्हणाली.

"पण तुला चालेल ना? मी गेलो तर?"

"हो, चालेल की."

अशी बायको मिळायला भाग्य लागतं. मित्रांच्या बायका काय काय बोलतात! मग तिने माझ्या त्याच शर्टाची घडी तीनदा मोडून तीनदा घातली. फार टापटीप आहे तिची.

३ जून

स्वयंपाकघरात सिस्टिम बसवली. बारा बायका कोंबड्या सोडून माझ्याभोवती जमल्या. मी पडद्यावर एक नाव भरलं, बटण दाबलं आणि सात तारखा टपाटप खाली पडल्या. बुदे कार्ती चष्मा धरून बघत होत्या. त्यांची बोटं पदराखाली हलत होती, नेहमीसारखी. पेरांवर मोजायची सवय आहे त्यांना. सवय जायला वेळ लागतोच.

"काही चुकलंय का? मोकळेपणी सांगा," मी म्हटलं.

"छान आहे, मास गलिह." मास म्हणजे दादा.

"काही अडचण?"

"कसली अडचण! फारच छान आहे."

तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी मला जेवायला वाढलं.

१० जून

आज सहज डोकावलो. भिंतीवरचा फळा उलटा करून ठेवलाय, पाठ आपल्याकडे. म्हणजे फळ्याचं काम संपलं! आठवडाभरात! मी काही बोललो नाही, पण घरी येईपर्यंत शीळ घालत होतो.

१७ जून

सगळं उत्तम आहे, फक्त बुदे कार्तींचा फोन थांबत नाही. सिस्टिमने तारीख काढून दिलेली असतानाही त्या प्रत्येक घरी फोन करतात. आणि कामाचं बोलतील तर शपथ. आज मी शेजारी बसून ऐकलं.

"कशी आहेस गं? झोप लागते का? ... हो, हो. शेवटी कोण होतं जवळ? ... अगंबाई. आणि मगरिबची अजान झाली होती का तेव्हा? ... झाली होती. म्हणजे दिवे लागले होते. ... बरं. पाणी मागितलं होतं का त्यांनी?"

बावीस मिनिटं! एका घराला! असली एकसष्ट घरं आहेत. मी बु दार्सिनींना म्हटलं, की हा फोन मी काढून टाकतो. सिस्टिमच तीन आठवडे आधी तारखेसकट मेसेज धाडेल, घरचे बटण दाबून होकार देतील.

"छान कल्पना आहे," बु दार्सिनी म्हणाल्या. "बुदेंना जरा फोनची आवड आहे हो. एकट्या असतात."

"मग त्यांना विश्रांती मिळेल."

"हो ना. मिळेल." मग म्हणाल्या, "कोंबडीचा पाय घ्या ना अजून एक."

३० जून

डॉक्टरीणबाईंचा पक्षी बदलून दिला. पहिला ऐकून एक पेशंट दचकला आणि तोंडातल्या यंत्राला चावला.

४ जुलै

बुदे कार्ती चक्क घरी आल्या. उद्या सेमारांगला लेकीच्या बाळंतपणासाठी जाताहेत, सहा आठवडे. केळीच्या पानात बांधून आपम आणले होते. तासभर बसल्या. हवेबद्दल बोलल्या, आसिहच्या दातांबद्दल बोलल्या, पिंजरेवाल्यांच्या सुनेबद्दल बोलल्या. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाल्या :

"मास, तुमच्या यंत्राला अजान ऐकू येते का हो?"

मला हसू आलं. "यंत्राला कान नसतात, बुदे."

"हं," त्या म्हणाल्या. "तेच म्हटलं."

म्हातारपणी माणूस किती भाबडं होतं. वेनिंग मात्र बराच वेळ दाराकडे बघत उभी होती. "त्या काहीतरी सांगायला आल्या होत्या," म्हणाली. मी म्हटलं, काही नाही गं, आपम द्यायला आल्या होत्या.

२२ जुलै

आजचा दिवस सोन्याचा! बुदे गेल्यापासून मेसेज आपोआप जाताहेत. अकरा घरांना गेले. आज वारलेल्या पाक सुहार्सोनोंच्या घरच्यांना गेला : "आपल्या वडिलांचा हजारावा दिवस १३ ऑगस्ट, बुधवार. आदल्या संध्याकाळी, मंगळवारी, जेवण आणि दुआ." सात मुलं आहेत त्यांना, जकार्ता, सुराबाया, पार बातामपर्यंत पसरलेली. चार मिनिटांत होकार आला. चार! बावीस मिनिटांची बावीस सेकंदंही लागली नाहीत, असं मी बु दार्सिनींना म्हणालो. गणित चुकलं, पण भावना पोचली असावी.

तीनशे टोपल्या. पाक जुमेनो त्या घरचे स्नेही, तेही येणार. म्हणजे अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत माझी सिस्टिम जेवण वाढणार.

२ ऑगस्ट

जुन्या ऑफिसचा पुन्हा फोन. घाई नाही, पण घाई आहे, असं काहीतरी म्हणाले.

वेनिंगने आज सांबल करपवलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पहिल्यांदा करपलं. यंदा मिरच्याच बऱ्या नाहीत. जेवताना विचारलं तिने, "जकार्ताची गाडी हल्ली किती वाजता असते?" मी लगेच वेळापत्रक काढून छापून दिलं, परतीच्या गाड्यांसकट, दोन रंगांत. तिने ते घडी करून मिठाच्या बरणीखाली ठेवलं आणि उठून भांडी घासायला गेली. भांडी आधीच घासलेली होती.

९ ऑगस्ट



सकाळी पाक सुहार्सोनोंच्या घरी गेलो होतो. बाहेरगावचे पाहुणे येणार, त्यांना घराचा नकाशा धाडायचा होता. त्यांच्या पत्नी, बु सुहार्तिना, एकट्याच होत्या. गल्लीत सतरा ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनासाठी लाल-पांढऱ्या पताका लावणं चाललं होतं. आम्ही ओसरीत चहा घेतला. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, आजारी होते का.

"छे हो," त्या म्हणाल्या. "धडधाकट. शुक्रवार होता. मशिदीतून आले, टोपी काढली, म्हणाले, भात वाढ, आज भूक लागलीय. मी आत गेले. ताट घेऊन आले तर खुर्चीतच मान कलली होती. भात अजून वाफाळत होता. दुआसाठी शेजारी आले तेव्हा मी तसंच ताट धरून उभी होते म्हणे."

"मशिदीतून आले म्हणजे... दुपारच्या नमाजाहून?"

"नाही, मगरिबहून. दिवे लागले होते."

मी कप खाली ठेवला.

मी जावा बेटाच्या पोटचा पोर आहे. आमचा दिवस रात्री बाराला बदलत नाही, मगरिबला, सूर्य मावळताना, बदलतो, हे आईच्या मांडीवर शिकलोय. गुरुवारच्या रात्रीला आम्ही शुक्रवारची रात्र म्हणतो आणि भुतांना घाबरतो, ती शुक्रवारचीच म्हणून! शुक्रवारी दिवे लागल्यावर गेलेला माणूस शनिवारी गेलेला असतो. हे मला ठाऊक आहे. आसिहलाही ठाऊक आहे. पण संगणकापुढे बसलो की माझा दिवस बाराला बदलतो. मी फॉर्ममध्ये वेळ विचारलीच नाही. तारीख विचारली आणि मोकळा झालो.

ओसरीत बसल्या बसल्या पाठीमागे हात धरून बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. हजारावा दिवस बुधवार नाही, गुरुवार. दुआ मंगळवारी संध्याकाळी नाही, बुधवारी. सात मुलं, तीनशे टोपल्या आणि संघाचे अध्यक्ष एक दिवस आधी जमणार आहेत.

"अजून चहा?" बु सुहार्तिना म्हणाल्या. मी नकाशा न घेताच निघालो.

'मगरिबची अजान झाली होती का तेव्हा?' बावीस मिनिटांच्या गप्पा! अरे गाढवा!

१० ऑगस्ट

सकाळीच स्वयंपाकघर गाठलं. कुणाला काही न विचारता भिंतीपाशी गेलो आणि फळा उलटवला.

फळा भरलेला होता. बुदे सेमारांगला गेल्या त्या दिवसापर्यंत. दोन रकाने. एकावर लिहिलं होतं 'मासची तारीख', दुसऱ्यावर 'खरी तारीख'.

बारा बायका एकदम कांदे चिरायला लागल्या. ज्यांच्यापुढे कांदे नव्हते त्याही.

"बु दार्सिनी, हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," त्या ओट्याकडे बघत म्हणाल्या. "बुदेंनी तेव्हाच मोजलं होतं, तुम्ही बटण दाबलंत तेव्हा."

"मी तीनदा विचारलं! काही चुकलंय का म्हणून!"

"तुम्ही किती हौसेनं दाखवत होता, मास. घामाघूम झाला होतात. तोंडावर कसं सांगायचं? आम्ही म्हटलं, आपणच बघून घेऊ. भाजीवाल्याला तुमच्या यंत्राची यादी गेली, की मागून मी फोन करायचे, उद्या नको, परवा आण. त्याचीही आता सवय झालीय. तुमची यादी आली की तो माझ्या फोनची वाट बघतो."

"आणि मंगळवारचं जेवण?"

मग एक बाई हळूच म्हणाली, "बुदे नव्हत्या. आम्हाला वाटलं, आता तुम्हीच विचारता घरोघर."

मी माझ्याच ओट्याशी, माझ्या नेहमीच्या जागी बसलो. बुदे गेल्यापासून मेसेज गेलेल्या घरांना तिथूनच फोन लावून वेळ विचारली. चार चुकली आहेत, आणि त्यातल्या तिघांचे दिवस अजून लांब आहेत, फोन करून बदलता येतील. राहिलं हे एक. परवावर.

गप्प बसता येईल. खरंच सांगतो, हा विचार आला आणि बराच वेळ बसून राहिला. दुआ एक दिवस आधी झाली म्हणून काय बिघडलं? कोणी तोंडावर बोलणार नाही. या शहरात कोणीच कधी बोलत नाही. पाक जुमेनो जेवतील, छान म्हणतील. पंधरा स्वयंपाकघरं मिळतील.

मग ते वाफाळणारं ताट आठवलं. त्या बाईंनी तीन वर्षं दिवस मोजलेत, आणि मी त्यांना चुकीचा देणार.

११ ऑगस्ट

सांगितलं. ओसरीत, जमिनीवर बसून. माझी चूक, सिस्टिमची नाही, कारण सिस्टिम मीच बनवली. बु सुहार्तिना ऐकत होत्या. मग त्यांनी माझ्यापुढे तळलेली केळी सरकवली.

"मला मेसेज आला तेव्हाच कळलं होतं," म्हणाल्या.

"मग तुम्ही..."

"मुलं किती खूश होती! धाकटी बातामहून फोन करून म्हणाली, आई, बघ, आपल्याला आठवणसुद्धा करावी लागली नाही. सातही जण एका तारखेला हो म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा, मास. ईदलासुद्धा पाचच्या वर जमत नाहीत. मी कशाला मोडू? म्हटलं, मंगळवारी त्यांची दुआ होऊ दे. बुधवारी मी आणि शेजारच्या दोघी, आमची आम्ही करू. त्यांना कळेल."

त्यांना म्हणजे पाक सुहार्सोनोंना. मी रडलो असेन थोडा. त्यांनी पाणी दिलं.

मग मी तिथेच बसून सातही मुलांना फोन केला. पहिली सहा जणं म्हणाली, "हरकत नाही, मास." आणि मला नेमकं कळेना, हरकत नाही म्हणजे आहे की नाही! तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी थोरल्याला परत फोन करून विचारलं, "खरंच हरकत नाही, की तसं म्हणताय?"

मग त्याने मला असं फैलावर घेतलं, की बु सुहार्तिना आत निघून गेल्या. तिकीट काढायला रांगेत उभा राहिलो, रजा मागताना साहेबापुढे मान खाली घातली, आणि तुला म्हणे अजान आठवली नाही? कुठला रे तू? कोणी शिकवलं तुला? दहा मिनिटं. शेवटी दमला आणि म्हणाला, "बुधवार ना? बदलतो तिकीट. बरं झालं, विचारलंस." इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

सहा जणांचं जमलं. धाकटीचं नाही, तिला बुधवारी सकाळच्या विमानाने परत जायलाच हवं. ती फोनवर रडली. तेव्हा बु सुहार्तिनांनीच तोडगा काढला : आपली घरच्यांची छोटी दुआ मंगळवारी, तिच्यासाठी. मोठी बुधवारी. त्यांनी उलटापालट केली फक्त. बु दार्सिनींना कोंबड्या एक दिवस पुढे ढकलायला सांगितलं, तर म्हणाल्या, "ते मी कालच सांगून ठेवलंय."

१४ ऑगस्ट

काल झाली दुआ. गल्लीभर चटया. टोपल्या मी स्वतः वाटल्या, तीनशे. धाकटी फोनवर बघत होती, तिला थोरल्याने खांबाला टेकवून ठेवलं होतं. बु सुहार्तिनांनी भाताचं एक ताट वाढून खुर्चीपुढे ठेवलं होतं. मी तिकडे फार वेळ बघितलं नाही.

पाक जुमेनो म्हणाले, "मंगळवार होता ना आधी?" मी सांगितलं, माझी चूक. सगळी सांगितली.

"छान, छान," म्हणाले ते आणि टोपली घेऊन गेले.

छानचा अर्थ आता मला कळतो. संपलं सगळं.

१८ ऑगस्ट

बुदे कार्ती सेमारांगहून परतल्या. नातू झाला. फोनवर त्यांना मी सगळं आधीच कळवलं होतं. आज गेलो आणि पाय धरले. म्हणाल्या, "अहो मास, हे काय, छान आहे हो तुमचं यंत्र." मी उठलोच नाही. म्हटलं, बुदे, तुम्ही जोवर खरं सांगत नाही तोवर मी इथेच.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग चष्मा काढला.

"ऊठ पोरा," म्हणाल्या. "आणि लिहून घे. अक्षर किती बारीक ठेवलंयस, मुंगीसाठी आहे का ते? चिठ्ठीवर मेलेल्या माणसाचं नाव खाली आणि तुझ्या कंपनीचं नाव वर! लाज नाही वाटली? आणि होकाराचं बटण एवढं मोठं, नकाराचं कुठाय? माणसाने नाही म्हणायचंच नाही का?"

मग बाकीच्यांतल्या एकीने तोंड उघडलं आणि धरण फुटलं. छापायचं यंत्र नारळाच्या दुधाजवळ ठेवलंय. पडदा उन्हात दिसत नाही. आपमची संख्या नेहमी विषम येते. साडेतीन पानं भरली. उरलेल्या अर्ध्या पानावर बु दार्सिनींनी स्वतःच्या हाताने लिहिलं : 'मास स्वयंपाकघरात फार बोलतात.'

दोन दिवसांत बसून सुधारणार. पहिली सुधारणा : तारीख आली, की मेसेज जाणार नाही. बुदेंच्या फोनची घंटी वाजणार आणि पडद्यावर येणार, या घरी बोला. त्या विचारतील, पाणी मागितलं होतं का, दिवे लागले होते का, आणि मग वेळ भरतील.

२० ऑगस्ट

संघाची बैठक. मी तीन दिवस केलेली तयारी पाक जुमेनोंनी ऐकूनच घेतली नाही. थेट बुदेंकडे वळले. "कसं आहे हो याचं यंत्र?"

मला वाटलं, म्हणतील छान. त्या उभ्या राहिल्या, आणि तेवीस स्वयंपाकघरांच्या मालकांपुढे त्यांनी माझ्या चुकांची साडेतीन पानं तोंडपाठ म्हणून दाखवली. मंगळवार-बुधवारसकट. नकाराच्या बटणासकट. लोक हसायला लागले. मी टेबलाखाली जायची जागा शोधत होतो. शेवटी म्हणाल्या, "निम्मं सुधारलंय त्याने. उरलेलं शुक्रवारपर्यंत करील, नाहीतर त्याला जेवण नाही."

पाक जुमेनो बराच वेळ हनुवटी खाजवत होते.

"गेल्या वर्षी एकजण आला होता," म्हणाले. "त्याच्या यंत्राला आपण सगळ्यांनी छान म्हटलं. कुठाय ते?"

"कपाटात," कोणीतरी म्हणालं.

"माझ्या कपाटात. या पोराला बुदे शिव्या घालतायत, म्हणजे त्या वापरतायत." मग माझ्याकडे बघून, "मी घेतो. बाकीच्यांनी आपापलं ठरवा. आणि आज हो म्हणून उद्या फोन उचलायचा नाही, असं नको. नको असेल तर नको म्हणा."

चौदा जण नको म्हणाले. तोंडावर! एकाने तर कारणंही दिली, चार. नऊ जणांनी घेतली.

नऊ. मला पंधरा हवी होती.

त्याच दिवशी, दिवेलागणीनंतर. म्हणजे खरं तर २१ ऑगस्ट.

घरी आलो. वेनिंग आसिहची वेणी घालत होती. मी नवाचा आकडा सांगितला. मी म्हटलं, ऑफिसला कळवायला दहा दिवस आहेत. मग तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"मे महिन्यात मी विचारलं, जाऊ का, तेव्हा तू म्हणालीस चालेल. खरंच चालेल, की तसं म्हणालीस?"

तिचे हात वेणीत थांबले. आसिह म्हणाली, "आई, दुखतंय."

"नाही चालणार," वेनिंग म्हणाली. "तेव्हाही चालत नव्हतं. नऊ वर्षंसुद्धा चाललं नव्हतं मला. तुम्ही दर वेळी रविवारी रात्री बॅग उचलून विचारायचात, जाऊ ना? आणि मी म्हणायची, या. एकदाही तुम्हाला वाटलं नाही, की हिच्या हातात अजून तुमचा टॉवेल आहे, हिने तो सोडलेला नाही? नऊ असोत नाहीतर दोन असोत, तुम्ही कुठेही जाणार नाही आहात. मी शिवणकाम वाढवीन. वेळापत्रक छापून दिलंत मला! दोन रंगांत!"

एवढं सलग ती लग्नातसुद्धा बोलली नव्हती. डोळे पुसत होती आणि बोलत होती. आसिह तोंड उघडं टाकून आमच्याकडे बघत होती, अर्धी वेणी तशीच. मी जकार्ताला तिथल्या तिथे, तिच्या देखत, नको म्हणून कळवलं. कारणं दिली नाहीत.

मग म्हटलं, अजून काही सांगायचं राहिलंय का? वही घेऊनच बसतो.

न्हाणीघराचा नळ. माझं घोरणं. ओला टॉवेल गादीवर. माझी बहीण येते तेव्हा मी कसा वागतो. पिंजरेवाल्यांचा तो पक्षी, जो मी सकाळी साडेपाचला तपासून बघतो. तिसरं पान संपत आलंय. मघाशी मी दमून विचारलं, "झालं का गं?"

"थांबा," म्हणाली. "अजून लग्नाचं पहिलं वर्षच चाललंय."